शंभराला साडेनऊ

जुनी गाडी शंभर किलोमीटरला सोळा लिटर प्यायची,
मी वहीत अठरा लिहायचो.
अतिराऊहून अक्ताऊ नऊशे किलोमीटर,
म्हणजे एका खेपेला अठरा लिटर माझे.
तळं राखील तो पाणी चाखील,
आणि मी काही तळं उपसत नव्हतो.

डिझेल बाल्कनीत साठायचं, बटाट्यांच्या पोत्यामागे.
बायको म्हणायची, गोधड्यांनासुद्धा वास लागलाय.
शेजारचा सागिंदिक ट्रकसाठी न्यायचा,
दर वेळी भाव पाडून.
त्या पैशांतून मोल्दिरच्या दातांची तार
महिन्याला थोडी आवळली जायची.
चौदा वर्षांची पोर. ओठ मिटून हसते.

मग ही आली.
दार लावलं की आवाज होत नाही,
नुसतं जग बाहेर राहतं.
दोसोरच्या पुढचा तो रस्ता, ज्यानं माझे दोन मणके खाल्ले,
आता चाकांखालून सरकतो
दुधावरची साय बोटानं सारावी तसा.
खड्डा दिसतो, लागत नाही.
मी मात्र खड्डा दिसला की अजून दात आवळतो.

मागे साहेब.
पहिले शंभर किलोमीटर फोन, मग टाय सैल,
मग बूट काढून पाय लांब.
डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे,
हे त्यांच्या कंपनीत फक्त मला माहीत.
कुल्सारी गेलं की घोरतात.
सीट त्यांची पाठ रगडत असते, हळूहळू,
घरातलं कोणी रगडत नसेल अशी.

आणि माझ्यासमोर, काट्याशेजारी, हिरवा आकडा:
नऊ पूर्णांक पाच.
अडीच टनांचं धूड आणि आहार चिमणीचा!
दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते.
हा आकडा रोज संध्याकाळी आपणहून
हिशेबाच्या रौशनबाईंकडे जातो,
माझ्या वहीला कोणी विचारत नाही.
बाल्कनीतल्या एका डब्यात बायकोनं कांद्याची पात लावलीय.
दातांचा डॉक्टर म्हणाला,
मध्येच सोडलंत तर दात आपल्या जागी परत जातात.
जातीलच. कोण जात नाही?

परवा रात्री, बेयनेऊ सोडल्यावर,
रस्त्यात तीन उंट उभे. ब्रेक लावला.
गाडी अशी थांबली की चहाचा कप हलला नसता,
तरी साहेब जागे झाले.
उंट निघेनात. मी हॉर्न दिला नाही.
बसल्या बसल्या साहेबांनी विचारलं,
"कुआनिश, ही खाते किती रे?"

अकरा वर्षांची सवय. तोंड माझं, पण बोलली वही:
"बारा, साहेब."

बोललो आणि कळलं.
आमच्या दोघांच्या मधोमध, अंधारात,
साडेनऊ लख्ख पेटलेलं.
त्यांनी पाहिलं.
त्यांनी पाहिलेलं मी आरशात पाहिलं.
शेवटचा उंट रस्ता ओलांडायला इतका वेळ घेतो
हे मला ठाऊक नव्हतं.

"असेल," ते म्हणाले,
"वारा समोरून असेल."
आणि पांघरूण ओढून कुशीवर वळले.

बाहेर दिव्यांच्या उजेडात गवत उभं होतं,
एक पातं हलत नव्हतं.

त्यानंतर शेतपेपर्यंत मी गाडी चालवली नाही, सांभाळली.
उतार आला की पाय काढून घेतला,
चढाला घाई केली नाही,
ट्रकमागून मुकाट गेलो.
शेर्कालाचा डोंगर उजाडताना दिसला तेव्हा
आकडा आठ पूर्णांक नऊवर आला होता.
कोणाला दाखवायचा?
साहेब घोरत होते, किंवा घोरल्यासारखं करत होते.

माझ्या सीटलाही ते पाठ रगडायचं बटण आहे.
आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यावर बोट ठेवलं,
आणि ठेवूनच राहिलो.
त्यानं किती डिझेल जातं, कोणास ठाऊक.