बुरणुसाचा तुकडा

टीव्ही बंद केला, दिवा बंद केला,
स्टॉकपोर्टची आमची गल्लीही निजली,
तरी खाली बैठकीत तो काळा खोका
घर्र घर्र करत राहिला,
साखर केव्हाच विरघळल्यावरही
कुणीतरी कपात चमचा फिरवत बसल्यासारखा.

पहिले काही दिवस मी कानाडोळा केला.
कानाचं काम डोळ्यावर ढकलायची
आपली जुनी सवय.

मग मागे हात घालून धूळ पुसली,
तारांचा गुंता सोडवला,
खोका भिंतीपासून वीतभर पुढे ओढला,
खाली चार खोडरबरं ठेवली
ईशानच्या जुन्या कंपासपेटीतली,
एकावर अजून त्याचं नाव.
घरघर गेली नाही. सूर तेवढा बदलला.

कंपनीच्या फोनवर चाळीस मिनिटं पियानो,
मग एक मुलगी म्हणाली,
प्लग काढा, दहा मोजा, पुन्हा लावा.
मी मराठीत दहा मोजले.
खोक्याने ते धरले नाहीत.

जयवंत म्हणाला, कसला आवाज?
मी म्हटलं, हा काय, आत्ता, ऐक.
तो मान तिरकी करून उभा राहिला,
पहिल्यांदाच घरी आलेल्या जावयासारखा, नम्र.
"विमानाचा का?"
विमानं जातात आमच्या छपरावरून, मँचेस्टरला उतरणारी,
पण तेव्हा विमान नव्हतं.
"मग फ्रिजचा?"
मला राग आला.
एकतीस वर्षांत याला माझं कधी काय ऐकू आलंय, असा,
तयार, धार लावून ठेवलेला राग.

शेजारच्या मॉरीनबाई ऑग्डेन मात्र म्हणाल्या,
हो, भिंतीतून मलाही येतो की.
आणि दुसऱ्या दिवशी एक तुकडा घेऊन आल्या,
त्यांची आई टोप्यांच्या कारखान्यात होती तेव्हाचा,
करडा, मऊ, बोटभर जाड.
त्या म्हणाल्या, फेल्ट.
मी म्हटलं, आमच्याकडे बुरणूस म्हणतात.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, बुर्नूस, बुर्नूस,
जणू शब्दालाही लव होती.

खाली तो सारायचा म्हणून
जयवंतने खोका दोन्ही हातांनी उचलला
आणि तसाच धरून राहिला.
"अगं, हे थरथरतंय," म्हणाला,
"केवढं थरथरतंय!"
ताप भरलेलं पोर घ्यावं तसा घेतलेला,
चेहऱ्यावर नवल.
तळहातांनी ऐकत होता तो.

तेव्हा एकेक आठवत गेलं.
ओव्हन वाजून वाजून थकायचा, उठायचे मीच.
ईशानशी फोनवर नुसतं हं, हं,
आणि फोन ठेवल्यावर मला, काय म्हणत होता गं?
मार्चमध्ये बागेत मी म्हटलं, ऐक तो पक्षी,
आणि त्याने वर झाडाकडे पाहिलं.
पक्षी कुंपणावर होता.

राग कुठे ठेवावा कळेना.
धार लावलेली वस्तू
घरात उघड्यावर ठेवता येत नाही.

आता नवा खोका आलाय, बशीएवढा, मुका.
जुना त्यांनी परत मागवला.
बुरणूस मी ठेवून घेतला, शिवणाच्या डब्यात.
रात्री बातम्या लागल्या की पडद्यावर
आवाजाचा आकडा उमटतो, अठ्ठावीस.
गेल्या महिन्यात चोवीस होता.
कान तपासायची वेळ घेतलीये मी,
बुधवारी साडेनऊ, दोघांची,
एकट्याची म्हटलं तर तो येणार नाही.

काल मॉरीनबाईंनी भिंतीवर दोनदा टकटक केलं.
मला दचकलेली बघून जयवंतने विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
आणि मग, त्याच्याकडे तोंड करून, नीट,
पुन्हा एकदा,
काही नाही.