खळ

मोखोत्लोंगला जेली संपली जुलैत.
घाटात बर्फ, ट्रक खालीच अडकलेला.
डॉ. त्सेपांग म्हणाल्या, मक्याचं पीठ आणा,
आणि स्टोव्हवर खळ शिजवली,
गुठळ्या मोडत, कोमट होईतो फुंकत.

एक प्रोब, चौघे शिकाऊ.
छाती द्यायला जनरेटरवाले न्काउ,
चहा आणि पावाच्या बोलीवर.

मला आधी दिसला नुसता धूर.
"दाबू नकोस," बाई म्हणाल्या, "मनगट सैल.
दोन बरगड्यांमधून डोकावायचंय,
घरफोडी नाही करायची."
तिळभर वळवलं.
आणि धुरातून ते आलं,
हलत, आपल्याच नादात.

"रोगाचं नाव नको. दिसतं ते सांग."
मी म्हणाले, डावीकडची झडप
पुरती उघडत नाही, बाई.
मधेच वाकते, दुमडलेल्या गुडघ्यासारखी.

बाईंनी प्रोब घेतला नाही.
माझ्या हातावर हात ठेवला,
बराच वेळ तसाच.
बाकीचे तिघे वहीत बघू लागले.

न्काउंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं.
"झडप होय? जनरेटरची मी दर शनिवारी पुसतो.
तरीच चढावर धाप लागते."
शस्त्रक्रिया सरहद्दीपल्याड, ब्लूमफाँटेनला.
तिकडची चिठ्ठी कशी लिहायची
तेही मी त्याच दिवशी शिकले.

घोंगडीच्या टोकानं खळ पुसत ते उठले,
मग पुन्हा आडवे झाले.
"डिझेल सहापर्यंत आहे.
या तिघांचं बघून व्हायचंय ना अजून?"