चार नंबरचं मशीन

नऊ दुकानं, चौसष्ट मशिनं, एक आकडा.
भुसावळला स्टेशनरोडवर दोन, चाळीसगावला स्टँडमागे,
धुळ्याला आग्रा रोडच्या गल्लीत आत,
शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार,
सगळीकडे छताखाली तोच लाल आकडा
एकाच क्षणी तेवढ्याच पैशांनी पुढे सरकतो.
मी त्याच्या वायरी सांभाळतो.
महिन्याला अठरा हजार, पेट्रोल वेगळं.

चावदस झोपे, लोकोशेडमधून रिटायर,
चार नंबर सोडून कुठे बसत नाहीत.
म्हणतात, भरत आलंय रे हे,
गाभण म्हशीसारखं, हात ठेवला की कळतं.
मी या मशीनचं पोट उघडलेलं आहे.
आत एक पंखा, बोटभर धूळ, वाळलेली पाल
आणि भिंतीतून बाहेर गेलेली निळी केबल.
भरायचं ते इथे भरतच नाही, काका.

दहाचं बटण दाबलं
की पंधरा पैसे त्या लाल आकड्यात पडतात.
उरलेले थोडा वेळ तुमच्याशी खेळतात
आणि झोपायला मालकाकडे जातात.
आकडा निघतो दहा हजारांवरून.
तो निघायच्या आधीच सर्व्हरने
मनात एक थांबा धरलेला असतो,
दोन लाखांच्या आत, कुठेही.
मालकाला माहीत नसतो. मलाही नाही,
माझ्याकडे फक्त नंतरची नोंद येते.
ज्याचे पंधरा पैसे आकड्याला तिथे नेऊन टेकवतील
सगळं त्याचं.
किती वर्षं बसलात, कोणत्या खुर्चीवर,
ते कोणी विचारत नाही.

आमचे दादा पांझरेवर फडाचे पाटकरी होते.
रात्री चारीवर फावडं टेकून उभे,
कोणी बांध फोडायला आला तर एवढंच म्हणायचे,
'पानी सर्वासनं से. बारी ठरेल से.'
इथेही पाट आहेत,
फक्त शेतांकडून धरणाकडे वाहणारे.
बारीही ठरलेली आहे.
ती कोणाची, ते दादांना विचारलं असतं
तर फावडं टाकून घरी आले असते.

मंगळवार, दुपारचे चार वाजून बारा मिनिटं.
नंदुरबारला मिरचीच्या पथारीवरचा हमाल, जोलू वळवी,
कूलरच्या वाऱ्यासाठी आत शिरला.
तीनदा शिंकला. खिशात दहाची नोट होती.
बटणावर बोटाचा लाल ठसा अजून आहे,
मी पुसला नाही.
एक लाख त्रेसष्ट हजार चारशे अठरा.

त्याच क्षणी भुसावळला
आकडा धाडकन दहा हजारांवर आला.
कोणी जिंकलं असं इथे दिसत नाही,
फक्त पडलेलं दिसतं.
पंखे चालू, सगळे उभे.
झोपेकाकांनी टोपी काढली
आणि मला विचारलं, 'कोन गेलं रे?'

सांगितलं. नाव, गाव, मिरची, शिंका.
ते बराच वेळ बटणावर अंगठा फिरवत राहिले.
'त्यात माझे किती?'
मी मोबाईलवर हिशेब केला.
या खेपेला तीनशे पंचवीस वेळा दाबलंय तुम्ही.
अठ्ठेचाळीस रुपये पंचाहत्तर पैसे.
'मग आहेर म्हणून लिही.
चावदस झोपे, भुसावळ. गाव लिहायचं राहू देऊ नको,
त्याला परत करायला कळलं पाहिजे.'

मी हसलो. ते हसले नाहीत.
सर्व्हिस स्लिपच्या मागे लिहिलं.
तेवढ्यात कोपऱ्यातून रुबाब तडवी, 'माझे बघ की.'
मग चहावाला पोऱ्या, त्याचे साडेचार रुपये.
मग एकजण, ज्याने नाव सांगितलं नाही,
फक्त 'एक हितचिंतक' लिही म्हणाला.

स्लिप भरली.
काका चार नंबरवर बसले होते,
वर आकडा दहा हजार सहा रुपये पंचेचाळीस.