चार नंबरचं घर

मंगळवारच्या विमानानं कॉफलन बाई गेल्या.
एक बॅग, पाठीवर एक पिशवी
आणि मांजराचा रिकामा पिंजरा.
मांजरानं ऑक्टोबरातच घर बदललं होतं,
ते आता पिटालूसीकडे सीलची चरबी खाऊन गुबगुबीत झालंय.

धावपट्टीपर्यंत मीच सोडलं त्यांना, शाळेच्या गाडीतून.
हीटर खडखडत होता, बोलणं तेवढ्यावरच.
उतरताना जाते म्हणाल्या नाहीत,
येते म्हणाल्या.
नाताळ झाला की.
मी मान हलवली. पिंजरा कशाला नेताय,
हे विचारलं नाही.

करार दोन वर्षांचा.
मुक्काम एकशे अकरा दिवसांचा.
हा आकडा माझा नाही,
पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत,
चार उभ्या, एक आडवी, जुड्या बांधल्यासारख्या.
शेवटची एकटीच.

चार नंबरच्या घराची किल्ली माझ्याकडे असते.
कोणी गेलं की मी पाणी बंद करतो, नळ गोठू नयेत म्हणून,
मग फ्रीज उघडतो.
निम्मा पीनट बटर. मोहरीची बाटली.
भाड्यासकट विमानानं आलेलं एक संत्रं,
सोन्याच्या भावाचं,
न सोललेलं.
ते मी खाल्लं. खोटं कशाला बोलू?

जिल्हा कार्यालयातून फोन आला :
करारभंग, नोटीस, परवान्यावर शेरा.
मुख्याध्यापक दार लोटून हळू आवाजात बोलत होते,
मी बाहेर फरशी पुसत होतो.
त्या फरशीला सगळं माहीत असतं.

पोरं रडत नाहीत.
ती पैज लावतात, चॉकलेटची.
यंदा नतासिआक जिंकली. ती म्हणाली होती,
ज्या बाई पहिल्याच दिवशी खिडकीकडे तोंड करून बसतात
त्या सूर्य दोनला मावळायला लागला की टिकत नाहीत.

वाचनाच्या तासाचं पुस्तक टेबलावर उघडंच होतं,
नवव्या प्रकरणावर, पालथं.
त्याआधीच्या सरांचं दुसरं पुस्तक होतं, सातव्यावर.
आमच्या पोरांना सहा गोष्टींची सुरुवात पाठ आहे.
हरवलेला कुत्रा, बेटावरचा मुलगा,
आगगाडीत बसलेली एक अनाथ मुलगी.
कुत्रा सापडला का,
कुणालाच ठाऊक नाही.
अपूर्णांक मात्र पक्के झालेत.
प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो.

मी रागावू शकलो असतो.
पण एकविसाव्या वर्षी मीही गेलो होतो ओटावाला,
पाइप जोडायचं शिकायला. दोन वर्षांचा कोर्स.
तळघरातली खोली, वर कुणाचे तरी पाय,
झाडं इतकी की क्षितिज कुठं ठेवलंय तेच दिसेना.
चौथ्या महिन्यात परतलो.
आईनं काही विचारलं नाही,
वाडग्यात रस्सा ओतला, मांसाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
मला कुणी नोटीस पाठवली नाही.
बाईंच्या आईनंही
काहीतरी सरकवलं असेल पुढ्यात.

एवढं कळतं.
तरी ते पालथं पुस्तक
मला सरळ करता येत नाही.

शुक्रवारी नवे सर येतायत, वादळानं परवानगी दिली तर.
मी चादर बदलली, दिवा बदलला,
भिंतीला पांढरा रंग काढला.
पहिला हात वाळला तरी रेघा दिसत होत्या.
दुसरा हात दिला.

सर आले की पहिला निबंध कोणता, ते मीही सांगू शकतो :
माझी ओळख.
माझं नाव, माझं घर, मला काय आवडतं.
जेपिटीनं तो पाच वेळा लिहिलाय.
पाचव्या वेळचा मला केरात सापडला,
एकच ओळ, अक्षर मात्र सुरेख :

मला काय आवडतं ते मागच्या बाईंना विचारा.

कागद बॉयलरच्या खोलीत आहे, वायसरखाली.
तिथं ऊब असते.