पायाखालचा पट्टा

सोमवारी उर्वेनं मला एक कार्ड दिलं,
पुठ्ठ्याचं, वरच्या खिशात मावेल एवढं,
आणि दोऱ्यानं बांधलेली शिसपेन्सिल.
म्हणाली, आठवडाभर नुसतं बघ, काल्यु.
नाव कुणाचं लिहायचं नाही.
काय घडलं, तेवढंच.

बघायला काय शिकायचं?
सव्वीस वर्षं झाली मला या लाकडाच्या गिरणीत.
व्होरू गाव मागं पडतं, रस्ता ओंडक्यांत शिरतो,
तिथून पुढचं सगळं माझ्या तळपायांना पाठ.
कानांत बोळे घालूनही सांगतो,
कुठलं पातं बोथट झालंय,
कुठल्या रोलरमध्ये साल अडकलीय.

तरी बघितलं. सांगितलं म्हणून.

हेल्दुरचा चष्मा कपाळावर.
जणू त्याचे डोळे तिथंच आहेत.
नवा पोरगा, ओट्ट, फिरत्या रोलरपाशी
लोकरीचे हातमोजे घालून उभा,
आईनं विणलेले, म्हणाला, थंडी आहे.
थंडी होतीच. उणे एकोणीस.
माइमुनं अडकलेली फळी हातानं ओढली,
यंत्र बंद न करता, फक्त हळू करून.
"हळू म्हणजे बंदच की," ती म्हणाली.
मी लिहिलं: हळू म्हणजे बंदच की.

आणि पट्टा.
भुसा वाहून नेणारा, गुडघ्याएवढ्या उंचीचा,
दिवसरात्र चालणारा.
त्यावरून जायला पूल आहे, पिवळा,
चौदा पायऱ्या वर, चौदा खाली.
आणि पट्ट्यावरून? एक ढांग.

बुधवारी हेल्दुरनं अकरा ढांगा टाकल्या.
मी अकरा रेघा ओढल्या,
पाचवी आडवी, दहावी आडवी,
शाळेत गैरहजेरी मांडावी तशा.
गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी सहा झाल्या,
सातवीला माझा संयम सुटला.

ओरडलो. करवतीत आवाज विरून गेला.
हात हलवले. त्याला वाटलं, मी रामराम करतोय.
मग तरातरा गेलो,
त्याची बाही धरली, तोंड कानाशी नेलं:
अरे, पूल कशाला बांधलाय?
आर्वीनंतर बांधलाय ना, विसरलास?

हेल्दुर काही बोलला नाही.
माझ्या बुटांकडे बघत राहिला.
मीही बघितलं.
डाव्या बुटाच्या आतल्या बाजूला
राळेचा ताजा पट्टा, ओला, सोनेरी,
त्याला चिकटलेला पांढरा भुसा.

मी तिकडे होतो. आता इकडे होतो.
मधलं काहीही मला आठवत नव्हतं.
पायांनी मला विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे याला अनुभव म्हणतात.
याच्यासाठी पगारात दरवर्षी थोडी भर पडते.
आर्वीचाही अनुभव मोठा होता,
माझ्याहून चार वर्षांनी जास्त.
कपाटखोलीत त्याच्या खुंटीवर
अजून कुणी कोट अडकवत नाही,
पण हे आपापसांत कुणी ठरवलेलं नाही.

खिशातलं कार्ड काढलं.
एक रेघ ओढली, माझी.
पेन्सिलीचं टोक मोडलं, हेल्दुरनं चाकूनं तासून दिलं.
मग कार्ड मी त्याच्याच हातात ठेवलं.
म्हटलं, आता तू बघ. मला बघ.
मला मी दिसत नाही.

त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला,
मला वाटतं चेष्टेनं. पण ओढला.

परत जायचं होतं माझ्या जागेवर.
पुलाशी गेलो, मोजत चढलो,
नवव्या पायरीला गुडघा कुरकुरला.
वरून बाहेरचं गोठलेलं डबकं दिसत होतं
आणि त्यावर कुणाची तरी घसरगाडी,
इतकी वर्षं इथं डबकं आहे हे मला माहीत नव्हतं.

खाली उतरताना पायऱ्या बघितल्या.
नऊ वर्षांचा पिवळा रंग,
कडांवरसुद्धा कुठं घासलेला नाही,
अगदी काल मारल्यासारखा.