पायपेटी

फादियूतला माती नाही. शिंपल्यांचं बेट.
चाललं की कळतं, कोण चाललं:
फादरची चप्पल, डुकराचा खूर,
आईचा डावा पाय, जो जरा ओढत येतो.
सिगाचा पाय मला ओळखता येईना,
कारण तो दोनदा सारखा पडतच नाही.

मी बाझील, चर्चमधला पेटीवाला.
मिशनच्या बोटीतून आलेली पायपेटी,
माझ्या आजोबांहून वयाने मोठी.
खाऱ्या वाऱ्याने तिची एक पट्टी गिळलीय,
मधल्या सप्तकातला धैवत.
दाबला की नुसती हवा.
तेरा वर्षं मी त्या हवेवरून
डबकं ओलांडावं तसा जातोय.

ती लाकडी पुलापलीकडची, जोआलची.
लग्नाबारशांच्या रिंगणात नाचणारी.
तिथे ढोल तिला नाचवत नाहीत.
ती उडी घेते, गुडघा हवेतच बेत बदलतो,
आणि वागानमामाची काठी
डोळे ताणून बघत राहते, ही उतरणार कुठे.
उतरेल तिथे सम.
माझी सम कागदावर.
कुणीतरी मेलेल्या माणसाने
उभी रेघ मारून ठेवलेली.

फादरच्या सेवेला पन्नास वर्षं झाली
म्हणून दोन्ही काठांनी मिळून काही करायचं ठरलं.
तालमीला आली. "वाजव," म्हणाली,
आणि फरशीवर बसून
पेटीखाली डोकं घातलं.
मला वाटलं, कानातलं पडलं असेल.
बऱ्याच वेळाने वर बघितलं:
"अरे, तूही पायांनीच वाजवतोस की."

मला पाय आहेत
हे मी आजवर फक्त
शिंपला रुतला की मानायचो.

"हातांचं नंतर बघू," म्हणाली.
नुसता भाता. वर, खाली.
सूर नसलेली पेटी म्हणजे झोपलेलं माणूस.
ती त्याच्याभोवती नाचली, जागं न करता.
मग हात लावले. धैवत आला, फस्स.
मी ओशाळलो.
ती थांबली नाही, त्या फस्समध्येच उडाली,
आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा,
कागदावरून नजर काढली.

वागानमामा म्हणाला,
"पेटीला कातडं नसतं.
कातडं नाही त्याला मार कळत नाही.
मार कळत नाही त्याला मुलगी कशी द्यायची?"
माझी आई काहीच बोलली नाही.
बाजरी इतक्या जोरात कांडली
की चार घरांना कळलं.
तिकडे बांग, इकडे घंटा.
मेल्यावर मात्र आम्ही सगळे
एकाच शिंपल्यांखाली जातो.
त्याआधी एका छपराखाली जायचं
तर इतकी वाटाघाट!

पुलावर भेटायचो, ओहोटीला.
तिथे पेटी कुठली? म्हणून टाळी दिली.
चुकलो. परत दिली, परत चुकलो.
"थांबू नकोस," ती म्हणाली,
"तू चुकतोस तिथूनच मी उचलते."
एक फळी सैल होती.
तिला ती माझ्याआधी सापडली.

समारंभाचं विचारू नका.
वीज गेली. फादर पहिल्याच ओळीत झोपले.
आणि सिगाच्या तिसऱ्या उडीला
मी असा काही दाबला पाय
की भाता उभा फाटला.
अंधारात फक्त तिच्या टाचा,
आणि मागे कुठेतरी, न बोलावता,
एका काठीने धरलेला ठेका.

पंधरा दिवस चर्च मुकं.
परवा पुलावरून एक पोरगा आला,
काखेत वळकटी. निरोप नाही, नाव नाही.
उलगडली: बकऱ्याचं कातडं, कमावलेलं,
कडेला थोडे केस राहिलेले.
ढोलाला पुरलं असतं.
ढोलासाठीच ठेवलेलं असणार.

रविवारी भाता भरला
तेव्हा देवळात बकऱ्याचा वास पसरला.
बाया नाकाला पदर लावून वळून बघत होत्या.
आईने नाही लावला.
धैवत अजून तसाच, नुसती हवा.
दुरुस्तीवाला दाकारहून येतो म्हणत होता.
कळवलंय, येऊ नका.
तिथे कुणीतरी उतरायचंय.