हलता दात

यादी माल्खाझनं फ्रिजवर लावलीय:
लसींची कार्डं, जन्मदाखल्यांची भाषांतरं,
शिक्क्यावर शिक्का.
मुलं झोपली की आम्ही बॅग वजनकाट्यावर उभी करतो.
तेवीस किलो.
परवा माझं मातीचं तवं बाहेर काढलं,
काल मीच ते गुपचूप आत सरकवलं.

तेक्ले तीन वर्षांची. तिला वाटतं
विनिपेग हे त्या बॅगेचंच नाव.

तोर्निकेचा पुढचा दात हलतोय.
जेवता जेवता विचारतो,
तिकडे आपलं छप्पर कुठाय?
अकरावा मजला आहे, मी म्हणते.
मग उंदीर दात न्यायला येणार कसा?
आणि नवा कोण आणून देणार?
माल्खाझ पेन खाली ठेवतो.
यादीत याला रकाना नाही.

तेव्हापासून पोरगा जिभेनं दात ढकलत बसतो,
शाळेत, बसमध्ये, झोपेतसुद्धा.
तिकिटाची तारीख गाठायचीय त्याला.

आज पहाटे पाहते तर
हा अंगणात शिडीवर,
पन्हळीतली द्राक्षवेलीची कुजकी पानं उपसतोय.
अरे, घर विकलंय आपण.
माहितेय, म्हणाला. वाट मोकळी असावी.
मग खाली उतरून हात पुसत,
शिडी राहू दे इथंच,
अजून आठ दिवस आहेत.